दोन लांब, एक आखूड

लिओटाच्या घरची घंटा दोन लांब, एक आखूड. आमची एक लांब, तीन आखूड. गुंडरसनबाईंची नुसती लांब. एकाच तारेवर नऊ घरं, आणि कुणाचाही फोन आला तरी घंटा नऊही घरांत वाजते. ज्याची असेल त्याने उचलायचा आणि बाकीच्यांनी आपापली कामं करायची, असा नियम. हा नियम आमच्या नदीकाठावर कुणी पाळल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उचलायचा, बोलायच्या भोंग्यावर एप्रन दाबायचा, श्वास धरायचा आणि ऐकायचं. मध्ये बोलायचं मात्र नाही. आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी त्याच माणसाच्या तोंडून ऐकताना "अगंबाई, खरंच का?" म्हणायचं. याला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात. तेव्हा मला कुणी नाकाने कांदे सोलत शिकवायला येऊ नये.

बाकी कुणाची घंटा वाजली तर मी हातातलं काम उरकून उठायची. लिओटाची वाजली की पिठाच्या हातानेच उचलायची.

लिओटा पर्डीबद्दल मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकते. मला ती बघवत नाही. वय माझ्याएवढंच. नवरा वारला, एकुलता एक मुलगा नदीपलीकडे अडकला, घराचं छप्पर गळतंय, आणि तरीही बाई चर्चमध्ये अशी शिरते की ऑर्गन तिच्यासाठीच वाजतोय. मान लांब. गळा गोड. मी गायला लागले की आमचे पाद्रीबाबा पुस्तकात डोकं घालतात, ती गायला लागली की डोळे मिटतात. त्यातून माझ्या नवऱ्याने, ऑर्लोने, आमच्या लग्नाआधी तिला बग्गीतून नाचाला नेलं होतं. दोनदाच, असं तो म्हणतो. संसाराच्या इतक्या वर्षांत मी त्याला हे फार तर पाच-सहाशे वेळा विचारलं असेल.

देश मोडला तो एकोणीसशे तेहेतीसच्या हिवाळ्यात. आधी बँकांनी दारं लावली ती उघडलीच नाहीत. वॉशिंग्टनहून रोज तारा यायच्या, धीर धरा म्हणून. मग आठवड्याने यायला लागल्या, मग बंदच झाल्या. पगार नाही म्हटल्यावर शिपाई बंदुका घेऊन आपापल्या गावी गेले. कॅलिफोर्निया वेगळं झालं, दक्षिणेकडच्यांना तर निमित्तच हवं होतं. आमचं आयोवा मिनेसोटाच्या गळ्यात गळा घालून उत्तरेच्या संघात शिरलं, आणि समोरच्या काठावरचं नेब्रास्का गेलं मैदानी प्रजासत्ताकात. ज्या मिसूरी नदीच्या दोन्ही काठांवर आमच्या सोयरिकी, तिच्यातच एका सकाळी सरहद्द येऊन पडली. पुलाच्या मध्यावर फाटक बसलं. इकडून आमची पोरं पहारा देतात, तिकडून त्यांची, आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांची मावसभावंडं. पहाऱ्यावर तंबाखू वाटून खातात.

मोठ्या टेलिफोन कंपनीची माणसं शिड्या घेऊन गेली ती परत आली नाहीत. पण आमची तार कंपनीची नव्हतीच. ती आमच्या आधीच्या पिढीने कुंपणाच्या खांबांवरून स्वतः ओढलेली, म्हणून ती राहिली. मिस टिबेटच्या पुढच्या खोलीतलं एक्स्चेंज राहिलं, कारण मिस टिबेटला दुसरं काहीच करायला आवडत नाही. आणि तार सांभाळणारा ऑर्लो राहिला. तार ज्यावर बांधतात ती खांबावरची काच फुटली तर तो बाटलीचं नरडं कापून बसवायचा. फोनचे सेल पूर्वेच्या कारखान्यांतून यायचे, ते थांबले, तर हा लोणच्याच्या बरण्यांत व्हिनेगर ओतून त्यात तांबं आणि जस्त बुडवायला लागला. आमच्या तळघरात आता काकडीची लोणची कमी आणि बॅटऱ्या जास्त आहेत.

लिओटाचा मुलगा डेल्मर ओमाहाच्या रेल्वे कारखान्यात कामाला. फाटक बसलं तेव्हा तो पलीकडे आणि आई अलीकडे. पुलावरून गेलेली एक तार तेवढी दोन्ही बाजूंनी शाबूत ठेवली होती. तिच्यावरून दर रविवारी दुपारी तो आईला फोन करायचा. दोन लांब, एक आखूड. घंटा अजून वाजतेय तोवर आमच्या नऊही घरांत खुर्च्या सरकायच्या.

आणि त्याचा आवाज काही यायचा नाही. यायचा तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा, अर्धा शब्द, पाव शब्द. त्याचं कारण आमच्याकडे कुणालाही विचारा. एका तारेवर जितके कान, तितका आवाज वाटला जातो. कंपनीचे ताजे सेल होते तेव्हा सगळ्यांना पुरून उरायचा. आता बरणीतल्या व्हिनेगरच्या जोरावर तो बिचारा नदी ओलांडून यायचा आणि आमच्या स्वयंपाकघरांत वाटून संपायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येकीला वाटायचं, माझ्या एकीच्या कानाने असा काय फरक पडणार.

ऐकू आलं नाही की लिओटा ऑर्लोला बोलवायची. तो गेला की माझ्या पोटात दुखायचं. पोटात दुखायचं म्हणून पुढच्या रविवारी मी पुन्हा फोन उचलायची, आणि पुन्हा तिला ऐकू यायचं नाही.

असाच एकदा तो तिच्याकडून परत आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"आज काय झालं होतं तिच्या फोनला?"

"कुठेतरी गळती आहे," तो म्हणाला. "सापडत नाही."

"गळती तिच्या छपराला आहे. ती सापडली का?"

"तीही बघितली."

"म्हणजे वर चढलास?"

"छप्पर वरच असतं, वेर्ना."

तो माझ्या बाजूने आत गेला आणि मला वास आला. कॉफीचा. गव्हाचे दाणे काळे होईतो भाजून आम्ही जे पाणी पितो त्याचा नाही, खऱ्या कॉफीचा. मी त्याच्या मागे मागे गेले आणि त्याच्या कोटाची बाही हुंगली.

"कॉफी प्यायलास तू."

"अर्धा कप. डेल्मरने पुलावरच्या पोरांकडून डबा पाठवलाय तिला."

"मला आणावीशी नाही वाटली?"

"कशातून आणू? टोपीतून?"

मी चुलीत मक्याची कणसं कोंबत बसले. कोळसा नाही, मका कुणी विकत घेत नाही, म्हणून आम्ही मकाच जाळतो. इतके दिवस मला वाटायचं, हिला फक्त माझा नवरा हवाय. आता कळलं की हिच्याकडे कॉफीही आहे. रात्रभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि त्यातला किती नवऱ्यासाठी आणि किती कॉफीसाठी, हे मला धड सांगता यायचं नाही.

मग ऑक्टोबरात पाद्रीबाबांनी चर्चमध्ये दोन्ही सरकारांचा ठराव वाचून दाखवला. दोन आठवड्यांनी रविवारी सूर्यास्ताला पुलाचं फाटक कायमचं बंद होणार. ज्याला ज्या काठावर राहायचं त्याने त्याआधी तिकडे जावं. तारही त्याच वेळी कापणार.

सगळ्या माना लिओटाकडे वळल्या. ती सरळ समोर बघत होती. तिची अडचण अख्ख्या गावाला ठाऊक होती, कारण अख्ख्या गावाने ती ऐकली होती. डेल्मरने मागे सांगितलं होतं, मी सांगितल्याशिवाय फाटक ओलांडू नकोस. त्यांच्या सैन्यात भरती चालू होती. त्याला पश्चिमेच्या चौकीवर पाठवलं, तर आई परक्या देशात एकटी पडणार, आणि परत यायला फाटक नसणार. आणि कारखान्यात ठेवून घेतलं, तर तिने जायलाच हवं, नाहीतर या जन्मात मुलाचं तोंड दिसणार नाही. ये की नको, एवढं एक उत्तर तिला त्याच्या तोंडून हवं होतं. पुढच्या रविवारी त्याने फोन केला, उत्तर दिलंही असेल, पण आमच्या नऊ घरांत मिळून ते कुणालाच कळलं नाही. आता शेवटचा एक रविवार उरला होता, आणि तो तार कापायचा रविवार.

त्या आठवड्यात ऑर्लो तारेवरच्या घरोघर फिरला. फोन उचलू नका म्हणून सगळ्यांची विनवणी केली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. गुंडरसनबाई म्हणाल्या, "मी? मला तर मेलं नीट ऐकूही येत नाही." होगलंडकाका म्हणाले, त्यांना दम्यामुळे फोनपर्यंत चालवतच नाही. फर्न बॉडली म्हणाली, तान्ह्या बाळातून तिला वेळ कुठे असतो. क्रूगरने तर वर दुसऱ्यांवर संशय घेतला.

शनिवारी तो अंगणात गाडीच्या चाकांना चरबी लावत बसला होता.

"गाडी कुणासाठी?" मी विचारलं.

"लिओटाला जावं लागलं तर."

"आणि हाकणार कोण?"

"घोडी काही एकटी जायची नाही."

"पुलापर्यंतच ना?"

"पुलापर्यंतच." तो चाक फिरवून बघत होता. मग म्हणाला, "तिकडे म्हणे अजून नवे सेल मिळतात. कोरे. कागदात गुंडाळलेले." आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे माझ्याकडे बघून येईनासं होऊन कैक वर्षं झाली होती.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. ती गेली तर माझी पीडा जाईल. हे मला हवंच होतं, त्यासाठी मी देवाकडे मागितलंही होतं, चर्चमध्ये, तिच्या मागच्या बाकावर बसून. पण तिला घेऊन पुलावर जाणारा माझा नवरा. पलीकडे नवे सेल, खरी कॉफी, लांब मान. आणि सूर्यास्ताला फाटक बंद. तो पलीकडे एक पाऊल टाकून बसला तर मी काय करणार, नदी पोहणार?

रविवारी तो सकाळी दाढी करून चर्चला गेला आणि तिथून परस्पर लिओटाकडे. गाडी सोबत घेऊनच. मी घरी आले, जेवणाची मांडामांड केली, पीठ मळायला घेतलं, आणि बाराच्या आधीच हात पुसून फोन उचलला.

ऑर्लो लिओटाच्या फोनवरून मिस टिबेटशी बोलत होता.

"आवाज कसा येतोय?"

"कसा येणार? तारेवर कोण कोण बसलंय देव जाणे," मिस टिबेट म्हणाली. तिला देवाइतकंच ठाऊक असतं.

"सातही घरी जाऊन आलो. सगळ्यांनी शब्द दिलाय."

"सात आणि लिओटाचं आठ. तारेवर घरं नऊ आहेत, ऑर्लो."

"नववं माझं."

मिस टिबेटने घसा खाकरला.

"माझ्या घरचा प्रश्न नाही," ऑर्लो म्हणाला. "वेर्ना माझ्यावर चिडेल, लिओटावर चिडेल, घर डोक्यावर घेईल. पण आई-मुलाचं बोलणं चोरून ऐकणारी ती नव्हे. तिची हमी मी देतो."

"बरं," मिस टिबेट म्हणाली, आणि ते 'बरं' मला मणभर जड लागलं.

मी भोंग्यात एप्रन कोंबून उभी होते. लोखंडी चुलीचं झाकण माझ्या मागे खडखडत होतं. लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं हा माझ्या तोंडावर कधी बोलला नव्हता. आणि बोलला तेव्हा दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात उभा राहून बोलला. त्या क्षणीसुद्धा मला आधी लाज नाही वाटली, आधी तिचा हेवाच वाटला, की माझ्याबद्दलचं चांगलं तिला समोर बसून ऐकायला मिळालं आणि मला चोरून.

तेवढ्यात घंटा. दोन लांब, एक आखूड.

एकामागून एक रिसीव्हर उचलल्याचे आवाज आले. टक, टक, टक. शब्द दिलेली सातही घरं हजर.

"आई..." डेल्मरचा आवाज आला आणि बुडाला.

"मोठ्याने बोल, बाळा," लिओटा म्हणाली. "काहीच येत नाही."

पलीकडे काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. शब्द म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

"येऊ का? डेल्मर, मी येऊ की नको?"

पुन्हा तेच. मध्येच ओमाहाच्या एक्स्चेंजची बाई म्हणाली की वेळ संपत आलीय, मागे रांग आहे. ती मात्र जरा ऐकू आली. नको ते तेवढं बरोबर ऐकू येतं.

"अरे, हो की नाही एवढं तरी सांग," लिओटा ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. तो गोड गळा फाटला. चर्चमधल्या त्या मागच्या बाकावर बसून मी इतकी वर्षं याचीच वाट बघत होते, आणि आता ते माझ्याच्याने ऐकवेना.

मी गुपचूप फोन ठेवला असता तर माझ्यापुरतं मिटलं असतं. पण बाकीचे सात ठेवणार नव्हते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की ऑर्लोने आत्ताच दिलेली हमी त्याच्याच कानात मातीमोल. आणि एवढं करून मिळवायचं काय? लिओटाला उत्तर मिळेल, ती जायला निघेल, आणि माझा नवरा गाडी जुंपेल.

मी भोंग्यातून एप्रन काढला.

"मी वेर्ना बोलतेय," मी म्हणाले. "ऑर्लोची वेर्ना. मी ऐकतेय, आणि मी दर रविवारी ऐकते. गुंडरसनबाई, तुमची कॅनरी ओरडतेय, तिच्या पिंजऱ्यावर फडकं टाका आणि फोन ठेवा. होगलंडकाका, फोनपर्यंत चालवत नाही ना तुम्हाला? तुमचा दमा इथे ऐकू येतोय. फर्न, पोराला कडेवर घेऊन हे धंदे करतेस, ते काय शिकेल? क्रूगर, तुमचं घड्याळ नेहमीप्रमाणे मागे आहे, बाराचे ठोके आत्ता देतंय. उरलेल्यांनी मला नावं घ्यायला लावू नका, मला सगळ्यांची कुत्री पाठ आहेत. ठेवा. सगळ्यांनी ठेवा. मीपण ठेवतेय."

आमच्या तारेवर असं आजवर कुणी बोललं नव्हतं. पहिली कॅनरी गेली. मग दमा गेला. घड्याळ गेलं, बाळ गेलं, आणि एकेक जाताना तारेवरचा आवाज कंदिलाची वात वर करावी तसा वाढत गेला. शेवटी माझा एकटीचा कान उरला, आणि त्यात डेल्मर अगदी माझ्या स्वयंपाकघरात उभा असल्यासारखा म्हणाला, "आई? आता येतंय का ऐकू?"

लिओटाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. पुढे ती काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. मी रिसीव्हर आकड्याला अडकवला होता.

अशी वेळ कधी कुणावर येऊ नये. माझा नवरा त्या बाईच्या शेजारी उभा, तारेवर सगळं स्वच्छ, आणि मी इथे हात बांधून. दोनदा माझा हात फोनकडे गेला. मग मी ते पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि इतकं मळलं की त्या ब्रेडने कुणाचं डोकं फुटलं असतं.

थोड्या वेळाने रस्त्यावर गाडी दिसली. ऑर्लो पुढे, त्याच्या शेजारी लिओटा, मागे तिची पेटी आणि शिवणयंत्र. तिने ती निळी हॅट घातली होती, जी मला कधीच आवडली नाही कारण तिला ती शोभते. आमच्या घरासमोर आल्यावर तिने खिडकीकडे बघितलं. मी पडद्याआड झाले. ऑर्लोने बघितलंच नाही. गाडी पुलाच्या बाजूला वळली.

मी वाट बघत बसले. सूर्य पलीकडच्या नेब्रास्काच्या टेकड्यांवर टेकला, मग अर्धा झाला, मग गेला. पुलावरून बिगूल वाजल्याचं ऐकू आलं. रस्ता रिकामा. मनात म्हटलं, झालं, संपलं, मिळाले त्याला कागदात गुंडाळलेले सेल. मी चूल पेटवली नाही. कुणासाठी पेटवायची?

अंधार पडल्यावर आमच्या अंगणाच्या फाटकाशी घोडी फुरफुरली.

मी जागची हलले नाही. त्याने घोडी सोडली, तिला पाणी दाखवलं, गाडी आत घेतली, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. मग आत आला, हात धुतले आणि माझ्यासमोर बसला.

"तार कापली," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत. साध्या पक्कडीने."

"ती गेली?"

"गेली. डेल्मरला कारखान्यातच ठेवलंय. तो फाटकापाशी आला होता."

"आणि तू परत आलास."

"मग कुठे जाणार?"

"तिकडे नवे सेल मिळतात."

त्याने कोटाच्या दोन्ही खिशांतून चार सेल काढून टेबलावर ठेवले. कोरे, कागदात गुंडाळलेले. "त्यांच्या पहाऱ्यावरच्या पोराने दिले," तो म्हणाला. "मधाच्या बरणीच्या बदल्यात."

ती बरणी माझी होती. पण त्या दिवशी मी मधावरून भांडण्याच्या स्थितीत नव्हते.

"तू माझी हमी दिली होतीस," मी म्हणाले.

"तुला कसं..." तो थांबला. "हो. ते तू ऐकलंच असणार."

त्याने ते चार सेल एका ओळीत लावले. मग तो म्हणाला, "कोण कोण ऐकतं ती सात नावं मला लिओटानेच दिली होती. कॅनरी, दमा, घड्याळ, सगळं तिला ऐकू यायचं. आज पुलावर उतरताना म्हणाली, वेर्नाच्या चुलीचं झाकण खडखडतं, तेही यायचं. पहिल्यापासून."

"आणि तुला नाही सांगितलं तिने?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, तुझं घर मोडून मला माझ्या मुलाचा आवाज नको होता." त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलून तिच्यातून एक पत्र्याचा डबा काढला. "हा तुला दिलाय. म्हणाली, आज ती बोलली नसती तर मी इथेच राहिले असते."

मी झाकण काढलं. अर्धा डबा कॉफी. वास नुसता घरभर झाला.

मला रडू आलं. ऑर्लोला वाटलं, पश्चात्तापाने. कसला पश्चात्ताप? मी रागाने रडत होते. वाटलं होतं, निदान आज तरी मी तिच्यापेक्षा चांगली वागले. नवऱ्यादेखत, गावादेखत नाक कापून घेतलं. पण ती माझ्या कितीतरी आधीपासून चांगली वागत होती, दर रविवारी, गुपचूप, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. इथेही बाजी तिनेच मारली, वर कॉफी देऊन गेली. मी चूल पेटवली, कॉफी केली, आणि ती इतकी चांगली झाली की मी अजूनच चिडले.

पुढच्या रविवारी दुपारी मी आपली फोनपाशी उभी होते. घंटा वाजणार नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी बाराला मी फोन उचलला. ऑर्लोने नवे सेल बसवले होते, तार आरशासारखी स्वच्छ. टक, टक, टक. कॅनरी आली. दमा आला. क्रूगरचं घड्याळ बाराचे ठोके उशिरा देत राहिलं, बाळ कुरकुरलं. सगळे आले. मग गुंडरसनबाई, ज्यांना नीट ऐकूही येत नाही, त्या हळूच म्हणाल्या, "पोचली असेल ना गं ती नीट?"

"पोचली असेल," मी म्हणाले.

"तिकडे फोन घेतला असेल का तिने?" होगलंडकाकांनी विचारलं.

ओमाहातही एका तारेवर आठ-आठ, दहा-दहा घरं असतात. तिथल्या बायका आता तिची घंटा वाजली की पिठाच्या हाताने फोन उचलत असतील, एप्रन दाबून आमच्या लिओटाचं बोलणं ऐकत असतील. कोण कुठल्या बायका, त्यांनी तिला कधी चर्चमध्ये शिरताना बघितलंही नसेल. त्यांना ती रोज ऐकायला मिळणार, या विचाराने माझा असा जळफळाट झाला की मी फोन ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसले.